रजईतला आवाज

अॅम्प्लिफायर परत आला तो शनिवारी, आणि रविवारी सकाळी घरातल्या प्रत्येकाला तो एकट्यानं उघडायचा होता.

"मी बघते," धाकटी म्हणाली. तिला आता चष्म्याशिवाय रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे दिसत नसत, पण घरात ती धाकटीच होती.

"तू कशाला? खोका मी बनवलाय," दादा म्हणाला. "पुढचं कापड सैल झालं असेल. मी शेजारच्या खोलीत नेतो, लगेच होईल."

"तक्रार आवाजाची आहे, कापडाची नाही," वहिनी म्हणाली. "फोन मी घेतलाय, काय बिघडलंय ते मला नीट कळलंय. माझ्याकडे द्या."

कोपऱ्यात तार गुंडाळायच्या यंत्रापाशी बसलेल्या आत्यानं मान वर केली. "ट्रान्सफॉर्मर असेल. आधी तो सोडवून मला द्या."

दादा आणि धाकटीचे वडील, नाना, तेवढ्यात दारातून आत आले. टेबलावर एकच अॅम्प्लिफायर आणि त्याच्या तीन बाजूंना तीन माणसं हात लावून उभी, हे दृश्य त्यांनी थोडा वेळ पाहिलं.

"माझं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात कोण थांबणार यावरून एवढी चढाओढ झाली नव्हती," ते म्हणाले. "हात काढा. मी उघडतो. सगळ्यांसमोर."

धाकटीनं मागच्या फळीचे स्क्रू काढायला घेतले, कारण ते काम नेहमी तिचंच असे.

कारखाना म्हणजे घरामागच्या दोन खोल्या. एकीत लाकडाचा भुसा आणि दादा, दुसरीत राळेचा वास आणि बाकीचे. भिंतीवर तारांची रिळं रंगाप्रमाणे टांगलेली, खिडकीखाली व्हॉल्व्हची, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांची खोकी. इथं वर्षाला मोजकेच अॅम्प्लिफायर बनत, सगळे हातानं. छापील सर्किट बोर्ड नाही. फळीवर पितळी खुंट्या ठोकायच्या आणि एकेक भाग खुंटीला गुंडाळून वितळलेल्या कथलाचा डाख द्यायचा, जुन्या काळी देत तसा. फळी धाकटीची, खोका आणि स्पीकर दादाचा, ट्रान्सफॉर्मर आत्याचा. वहिनी त्यांच्याबरोबर विकायचे फझ पेडल बनवायची, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारी, पायानं दाबायची छोटी डबी, आणि गिऱ्हाईकही तीच सांभाळायची.

आणि शेवटचं काम नानांचं. त्याला घरात 'मीठ' म्हणत. व्हॉल्यूमच्या बटणाच्या दोन पायांमध्ये एक छोटा कपॅसिटर बसतो. आवाजाचा धारदार भाग त्यातून पुढे निसटतो. कपॅसिटर मोठा, तर धार जास्त. तो किती मोठा हवा हे कागदावर काढता येतं, पण नाना काढत नसत. ते मांडीवर गिटार घेत, डोळे मिटत, समोरच्या ताटलीतला एकेक कपॅसिटर लावून एकच सूर छेडत, आणि ज्याच्याशी मान हले तो स्वतः डाख देऊन बसवत. तेवढा वेळ घरात नळसुद्धा कुणी सोडत नसे. लोक अॅम्प्लिफायर घ्यायला येत ते या मिठासाठी.

"काय म्हणाला तो नक्की?" नानांनी विचारलं.

"गिटारवाला?" वहिनीनं आठवून सांगितलं. "म्हणाला, रजईच्या आतून कुणीतरी बोलतंय असं वाटतं. आणि माझं फझ लावलं, की बरणीत माशी अडकल्यासारखं वाजायला हवं ना? म्हणाला, माशी आहे, पण झोपलीय."

"रजई," नाना म्हणाले. "मी रजई दिली?"

"आज येतोय तो दुपारनंतर. गिटार घेऊन. म्हणाला, नाहीच जमलं तर दुसरीकडून घेईन, राग नाही."

"राग नाही म्हणाला? मग फारच वाईट असणार."

धाकटीनं मागची फळी काढली. आतला वीजसाठा उतरवायला तिनं रेझिस्टरचं एक टोक जमिनीच्या तारेला आणि दुसरं मोठ्या कपॅसिटरला लावून धरलं, मीटरवरचा आकडा शून्याकडे घसरताना पाहिला. हात स्थिर होते. पण आकडा शून्यावर आला तरी तिनं रेझिस्टर लगेच काढला नाही.

कारण तिला माहीत होतं रजई कुठून आली. निदान तिला तसं वाटत होतं.

तीन वर्षांपूर्वी ती याच टेबलावर एक स्पीकर तपासत होती. तपासणीचा सूर काढणाऱ्या जनरेटरची चकती हळूहळू वर नेत ती बारीक शिट्टीपर्यंत आली होती. नाना शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सुरू कर ना." शिट्टी चालूच होती. तिच्या दाढा दुखत होत्या एवढी. तिनं जनरेटर बंद केला, मागची वायर हलवल्यासारखं केलं आणि म्हणाली, "सुटली होती." नंतर ती मोरीत जाऊन उगाच हात धूत राहिली होती.

त्या दिवसापासून तिला कळू लागलं, की नानांची मान आता जरा जास्तच मोठ्या कपॅसिटरशी हलते. ज्याला धार ऐकू येत नाही तो धार वाढवत नेणार. यात गूढ काही नव्हतं. मग नाना दुपारी आडवे झाले, की ती त्यांचा कपॅसिटर काढून एक नंबर लहान बसवू लागली. कुणालाही न सांगता.

सांगायचं तरी कसं? आजोबा, नानांचे वडील, रेडिओ दुरुस्त करायचे. एकदा गिऱ्हाइकासमोर त्यांचा हात थरथरला आणि गिऱ्हाईक चांगुलपणानं म्हणालं, "राहू द्या, मुलाला सांगा." आजोबांनी हत्यारं पुसून ठेवली, दार ओढून घेतलं आणि त्यानंतर ते शेवटपर्यंत रस्त्याकडे तोंड करून बसले. जेवायला हाक मारली तरी, "माझं काय अडलंय तिथं," म्हणत. नाना तेव्हा तरुण होते, आणि तो किस्सा ते अजून हसत सांगत नसत. जी गोष्ट नाना हसून सांगत नाहीत, तिला घरात सगळे घाबरत.

"दिवा इकडे घे," नाना म्हणाले.

त्यांनी आधी खोक्यात हात घातला, स्पीकरच्या कडेनं बोटं फिरवली आणि एक जाड लोकरी चकती बाहेर ओढली.

"हे काय?"

"ते धूळ जाऊ नये म्हणून," दादा म्हणाला.

"स्पीकरच्या तोंडावर? उद्या मला धूळ जाऊ नये म्हणून तोंडात बोळा घालशील."

दादानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं खिडकीकडे पाहिलं.

"जरा टोचत होतं, नाना," दादा शेवटी म्हणाला. "वरून. अलीकडचे सगळेच नग. मला वाटलं स्पीकरचा दोष असेल."

"असं वाटलं तुला."

"हो."

"स्पीकरचा."

नानांनी चकती टेबलाच्या कडेला ठेवली आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला. आतल्या फळीवर वाकून ते बराच वेळ नुसतेच पाहत राहिले. धाकटीला ठाऊक होतं ते काय वाचताहेत. या घरात डाख बघून माणूस ओळखता येत असे.

"हा माझा नाही," व्हॉल्यूमच्या बटणाकडे बोट करत ते म्हणाले. "माझा डाख बटाट्यासारखा असतो. हा तांदळाचा दाणा आहे. पाय दोनदा गुंडाळलाय माझ्यासारखा, पण दाणा तो दाणाच. कोण आहे इथं दाण्यासारखा डाख देणारं?"

"मी," धाकटी म्हणाली.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

दादा एकदम म्हणाला, "तीन वर्षं? मग मी चकती कशाला घालत होतो?"

"मला काय माहीत तू घालतोस? मला वाटलं मी काढलं ते पुरत नाहीये. तुझे स्पीकर मऊ वाटायला लागले तेव्हा मी मनात म्हटलं, दादानं लाकूड बदललंय."

"मी लाकूड का बदलीन?"

"भांडा नंतर," नाना म्हणाले. "इथं अजून एक आहे. पहिल्या व्हॉल्व्हच्या पायाशी, धार जमिनीच्या तारेत उतरवणारा हा बारका कपॅसिटर कुणी टांगलाय? डाख टाचणीएवढा. एवढ्या बारीक सोल्डरनं घरात पेडलच बनतात."

वहिनीनं हातातली चिंधी घडी करून ठेवली.

"मी लावला," ती म्हणाली. "तक्रारी माझ्याकडे येतात, नाना. दोन गिऱ्हाइकं म्हणाली होती कान झोंबतात. तुमच्याशी बोलावं म्हटलं तर हे म्हणाले, बोलू नकोस. मग मी म्हटलं, बोलायचं नाही तर निदान लावावं."

"तू मला विचारलं नाहीस!" दादा म्हणाला.

"तुम्ही मला चकती घालताना विचारलंत?"

आतापर्यंत दादा आणि वहिनी एका बाजूला उभे होते. वहिनी टेबलाला वळसा घालून धाकटीच्या बाजूला येऊन उभी राहिली. दादानं ती जागा रिकामी झालेली पाहिली आणि तिथं हात टेकून उभा राहिला, जणू त्याला जागा हवीच होती.

नानांनी वहिनीचा कपॅसिटर कातरीनं तोडला. धाकटीचा काढला. ताटलीतून त्यांनी स्वतःचा मूळचा नंबर शोधून धाकटीच्या हातात दिला. "लाव."

तिनं लावला. मागची फळी परत बसली, अॅम्प्लिफायर सुरू झाला, व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळे उभे राहिले. दादानं भिंतीवरची गिटार घेऊन एक सूर छेडला.

रजई होती. थोडी पातळ झाली होती, पण होती.

धाकटीला हे पटेना. तीन गोष्टी काढल्या. प्रत्येकीचा परिणाम तिला साधारण ठाऊक होता. बेरीज जुळत नव्हती. अजून काहीतरी शिल्लक होतं, आणि ते फळीवर नव्हतं, खोक्यात नव्हतं. तिची नजर खोक्याच्या बुडाशी बसलेल्या जड ट्रान्सफॉर्मरवर गेली आणि तिथून कोपऱ्यात.

एव्हाना सगळेच कोपऱ्यात बघत होते.

"मला काय बघता?" आत्या म्हणाली.

"आत्या," धाकटी हळूच म्हणाली, "तू तार थर बदलून गुंडाळतेस ना? एकदा आतली, एकदा बाहेरची?"

"गुंडाळते."

"याचीही?"

आत्यानं यंत्राची कडी उगाच एकदा फिरवली. "ही खेप साधीच गुंडाळलीय. साधं गुंडाळलं की वरचा आवाज आतच जिरतो, हे काय मला कुणी शिकवायला नको. मी त्याची बहीण आहे. लहानपणी मी कुजबुजले तरी दुसऱ्या खोलीतून ऐकून आईला सांगायचा. गेल्या वर्षी मी त्याच्या मागं उभं राहून त्याला मूर्ख म्हटलं, तर म्हणाला, चहा नको."

कुणी हसलं नाही. नाना अॅम्प्लिफायरकडे पाहत होते. त्यांनी स्विच बंद केला, आणि खोलीतली स्पीकरची बारीकशी सळसळ थांबली तेव्हा धाकटीला पहिल्यांदा जाणवलं, की ती त्यांना ऐकू येत नसणार.

"एका पातेल्यात सगळ्यांनी मीठ घातलं असं ऐकलंय," ते म्हणाले. "सगळ्यांनी काढलं असं पहिल्यांदाच बघतोय."

"नाना..." दादा म्हणाला.

"थांब. पाचवा राहिलाय." त्यांनी ताटलीतले कपॅसिटर बोटानं इकडचे तिकडे केले. "रातकिडे गेले तेव्हा मला वाटलं, कुणीतरी औषध मारलं असेल. मग किल्ल्या पडल्या, तर टॉवेल पडल्यासारखं झालं. ही खेप सुरू व्हायच्या आधी मी कान दाखवून आलो. डॉक्टर म्हणाली, वरचं गेलंय, येणार नाही. तेव्हापासून माझा कान जो नंबर मागतो त्याच्या एक खालचा मी लावतो. अंदाजानं. ही पहिलीच खेप."

धाकटीच्या मनात सगळं सरळ ओळीत उभं राहिलं. चुका वेगवेगळ्या दिशांना असत्या तर एकमेकींना खोडून गेल्या असत्या. इथं पाचही जणांनी एकाच दिशेनं ढकललं होतं, कारण पाचही जणांना एकच गोष्ट झाकायची होती. प्रत्येकानं वेगवेगळ्या वेळी सुरू केलं, आणि या नगात पहिल्यांदा पाचही एकत्र आले.

"तुम्ही सांगितलं का नाही?" वहिनीनं विचारलं.

"तुम्ही सांगितलंत?"

आत्या उठली, कपाटाच्या तळातून जुन्या पद्धतीनं गुंडाळलेला एक ट्रान्सफॉर्मर काढून तिनं तो धप्पकन टेबलावर ठेवला. "हा बसवा. मी चहा टाकते. त्याला विचारत नाही."

ट्रान्सफॉर्मर बदलेपर्यंत दुपार झाली. काम चालू असताना दादानं मूळ प्रश्न काढला, तो कुणीतरी काढणारच होतं.

"मग आता मीठ कुणाचं?"

"मीटरचं," वहिनी म्हणाली. "आलेख काढा आणि मोकळे व्हा."

"आलेख सगळ्यांचेच सारखे येतात," दादा म्हणाला. "मग लोक आपल्याकडे का येतील? कान लागतो. मी थोरला आहे, मी ऐकतो."

"तुम्ही?" वहिनी म्हणाली. "तुमचे कान करवतीनं खाल्लेत. मी दोनदा हाक मारते तेव्हा एकदा ओ देता."

"ते ऐकू येत नाही म्हणून नाही."

"मला सगळं ऐकू येतं," आत्या दारातून म्हणाली, "पण मला गिटार आवडत नाही."

मग सगळे धाकटीकडे बघू लागले, आणि तिला कळलं की कुणीही तिचं नाव घेतलेलं नाही, आणि तरीही ते घेऊन झालेलं आहे. ती स्क्रू आवळत राहिली. तीन वर्षं तिनं नानांचं मीठ चोरून बदललं, पण त्यांच्यासमोर एकदाही ते चूक आहे असं म्हटलं नव्हतं. ते मान हलवत आणि विचारत, "ठीक?" आणि ती म्हणे, "ठीक." चोरून करणं सोपं होतं. तोंडावर म्हणणं म्हणजे आजोबांच्या त्या गिऱ्हाइकाची जागा घेणं. मग दार ओढून घेतल्याचा आवाज येणार. तो नानांना ऐकू येईल की नाही कुणास ठाऊक. तिला आयुष्यभर येत राहील.

गिटारवाला आला तो चपला बाहेर काढतानाच माफी मागत. "नाना, तुम्हाला त्रास दिला. माझाच कान बिघडला असेल."

"मग माझ्या मागं रांगेत उभे राहा," नाना म्हणाले.

त्यानं गिटार जोडली, मध्ये वहिनीचं फझ ठेवलं आणि आधी पेडल न दाबता वाजवलं. रजई गेली होती. सूर स्वच्छ, भरलेला, बुडाशी थोडा खरखरीत, जसा घरचा असायला हवा तसा. वहिनीनं सुस्कारा टाकला. दादानं मान डोलावली. मग गिटारवाल्यानं पेडल दाबलं आणि बरणीतली माशी जागी झाली. तो हसला, वाजवत राहिला, वर वर गेला.

सवयीनं सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नानांनी धाकटीकडे पाहिलं.

"ठीक?" त्यांनी विचारलं.

ती ऐकत होती. वरच्या दोन तारांवर, ज्या क्षणी तार सुटे त्या क्षणी, काचेचा एक कण होता. फार नव्हता. दहातल्या आठ जणांना कळलाही नसता. नानांनी अंदाजानं एक नंबर खाली घेतला होता. दोन घ्यायला हवे होते.

"नाही," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा लहान निघाला, म्हणून तिनं नानांकडे तोंड करून पुन्हा सांगितलं. "नाही, नाना. टोचतंय."

गिटारवाल्याचा हात तारांवर थांबला.

"कुठं?"

"वरच्या दोन तारांवर. सुरुवातीलाच."

"मला नाही टोचत."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली.

नाना उठले. स्टूल मागे सरकल्याचा आवाज झाला. दादानं हाताची घडी सोडली. वहिनी काहीतरी बोलायला गेली आणि आत्यानं तिचा दंड धरला. दार टेबलाच्या डावीकडे होतं. नाना डावीकडे वळले, गिटारवाल्याच्या वायरवरून जपून पाय टाकला, अॅम्प्लिफायरपाशी आले आणि वाकून त्यांनी स्विच बंद केला.

"मग बघत काय बसलीस?" ते म्हणाले. "साठा उतरव आधी. चालू यंत्रात हात घालणार आहेस?"

तिनं रेझिस्टर उचलला. तो हातात नीट येईपर्यंत तिला दोनदा धरावा लागला.

"मला तर मस्त वाटला, नाना," गिटारवाला म्हणाला. "असाच नेऊ का?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

गिटारवाला तिच्याकडे वळला.

"अजून झाला नाही," धाकटी म्हणाली. "बसा तुम्ही."

तो बसला. वहिनीनं त्याच्या हातात चहा दिला. नानांनी ताटली धाकटीपुढे सरकवली, स्वतःचं स्टूल उचललं, दिव्याकडे एकदा पाहिलं, आणि तिच्या हातांवर सावली पडणार नाही त्या बाजूला जाऊन बसले.